आधी मुलांच्या जागा

(दृश्य: पार्किंगमधली छोटी हॅचबॅक, उघडी डिकी, बाजूला बॅगा)

गणपतीला मुंबईहून कोकणात निघालेलं कुटुंब. आई, बाबा, आजी, चार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचं बाळ. गाडी पाच सीटची, माणसंही पाचच. तरी बाळाची सीट लावली की मागे दाटी होते. मग सीट घरी राहते आणि बाळ आईच्या मांडीवर, तेही पुढे.

ताशी 50 किलोमीटरने चाललेली गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे 140 किलोचा जोर लागतो. एवढी ताकद कुणाच्याच हातांत नसते. दोघांना मिळून एकच पट्टा लावला, तर आईच्या वजनाखाली बाळ चिरडतं. पुढे एअरबॅग असते, म्हणून तिथला धोका आणखी मोठा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल, तर 2019च्या दुरुस्तीनुसार हजार रुपये दंड आहे. पण तो प्रश्नच दुय्यम.

आधी मुलांना बसवायचं, मग मोठ्यांनी उरलेल्या जागा घ्यायच्या. बाळाची सीट मागे डावीकडे, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. डावीकडून बाळाला काढताना रस्त्याच्या मधल्या बाजूला उभं राहावं लागत नाही. पुढे आजी, तिची सीट थोडी पुढे सरकवावी लागेल. उजवीकडे मुलगी, पाठ असलेल्या बूस्टरवर, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणाऱ्या सीटवर. कमरेचा पट्टा मांड्यांवर टेकलेला, वरचा खांद्याच्या मधोमध. तो मानेला घासला की मुलं काखेखाली घेतात, आणि धडकेत सगळा जोर बरगड्यांवर आणि पोटावर येतो. मधे आई. जुन्या गाड्यांत मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा असतो, म्हणून बूस्टर तिथे चालत नाही. आईला तिथे कमी संरक्षण मिळतं, हे खरं. ही तडजोड मोठ्यांनीच करायची.

(दृश्य: जवळून, सीटवर दाबलेला गुडघा)

आयसोफिक्स, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायची सोय, नसेल तर गाडीचाच पट्टा बाळाच्या सीटवरच्या निळ्या खुणांमधून ओवा, सीट गुडघ्याने दाबा आणि पट्टा ताणून घ्या. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली, तर पुन्हा आवळा. बाळाच्या खांद्यांवरचे पट्टे खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खाली हवेत. गळ्याखालच्या हाडापाशी चिमटीत पट्ट्याची घडी आली, तर ते सैल आहेत. जुनी सीट घेताना ती कधी अपघातात सापडली होती का, हे खात्रीने कळत नसेल तर घेऊ नका.

दोन्ही सीट विकत घेण्याआधी आपल्याच गाडीत एकत्र लावून बघा. नाहीच मावल्या, तर एका मोठ्या माणसाने कोकण रेल्वेने किंवा एसटीने यावं. वाटेत बाळ रडलं, तर चालत्या गाडीत त्याला बाहेर काढू नका, गाडी थांबवा. उशीर होईल, होऊ द्या.

आणि मागच्या काचेखाली ठेवलेले लाडवांचे स्टीलचे डबे डिकीत खाली ठेवा. धडकेत ते थेट बाळाच्या तोंडावर येतात.