काकूचे हात

(दृश्य : गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं कौलारू घर. रात्र, मुसळधार पाऊस. एका खिडकीत तेवढा निळसर उजेड.)

रात्रीचे साडेअकरा. घर झोपलंय. जागी आहे ती माझी भाची. समोर जुना लॅपटॉप आणि पडद्यावर भाकरी थापणारी एक बाई. भाची तो तुकडा मागे नेते, पुढे आणते, पुन्हा मागे नेते. हात परातीत पडतो त्या नेमक्या फ्रेमवर थांबते आणि मला हाक मारते, "मावशे, हांगा पळय!"

आमच्या घरात बोलणं कोकणीत, लिहिणं-वाचणं मराठीत. आणि संध्याकाळी जेवणं उरकली की मराठी मालिका. पडद्यावरची ही बाई अशाच एका मालिकेतली मोठी काकू आहे. नायिका नव्हे, खलनायिकाही नव्हे. स्वयंपाकघराच्या दारात उभी असते, दोन वाक्यं बोलते आणि आत जाते. मालिका संपून बरेच दिवस झाले. पण या काकूवर जीव टाकणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांतल्याच एकीच्या इच्छेपायी माझी भाची गेल्या चार रात्री जागतेय.

(दृश्य : वहीचं पान. भाचीच्या अक्षरात उतरवून घेतलेला मजकूर.)

ती इच्छा अशी. "मोठ्या काकूवर एक व्हिडिओ हवा. तिचे फक्त हात दिसावेत, चेहरा नको. गाणं कुठलंही चालेल, पण बाईच्या आवाजातलं. रडका शेवट नको." लिहिणारी दुबईत नोकरी करते. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही.

चाहत्यांच्या जगात इच्छा मांडायची रीत जुनी आहे. इंग्रजी मालिकांचे चाहते डिसेंबर आला की आपापल्या याद्या मांडतात. कोणाला एखादी गोष्ट लिहून हवी असते, कोणाला चित्र, कोणाला नुसतं शुभेच्छापत्र. ज्याला जे जमेल ते तो उचलतो. यूलटाइड नावाचा त्यांचा एक उपक्रम २००३पासून चालू आहे. ज्या कलाकृतींचे चाहते मूठभर, त्यांच्यासाठीच तो आहे. प्रत्येकाने मागायचं आणि प्रत्येकाने कोणासाठी तरी लिहायचं. व्हिडिओंसाठी तसाच फेस्टिव्हिड्स आहे. कोणी कोणासाठी बनवलं ते आधी गुप्त ठेवतात आणि मग ठरल्या दिवशी नावं उघड करतात.

मला हे ऐकताना आमच्या देवळातलं गाऱ्हाणं आठवलं. गाऱ्हाणं घालणारा 'सगळ्यांचं बरं कर' एवढ्यावर थांबत नाही. कोणाच्या गोठ्यातली गाय, कोणाच्या मुलीचं लग्न, मुंबईला गेलेल्या कोणाची नोकरी, सगळं नाव घेऊन सांगतो. मग भोवती उभी असलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मागणं नेमकं असलं की ऐकणाऱ्यालाही कळतं, आपण कशाला होकार देतोय. 'काकूवर काहीतरी छान करा' असं त्या बाईने लिहिलं असतं, तर भाची लॅपटॉपपुढे नुसती बसून राहिली असती. 'फक्त हात' हे दोन शब्द वाचले आणि तिला व्हिडिओ दिसायलाच लागला.

इच्छा लिहायला बसलेल्या नवख्यांना माझं एवढंच सांगणं आहे : काय नको, तेही लिहा. लाजू नका. तुमच्यासाठी कोणी रात्री जागणार असेल, तर त्याला अंधारात चाचपडायला लावू नका.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रांचा आभास. स्लाइड प्रोजेक्टरचा खटखट आवाज.)

मालिकेतले तुकडे काढायचे आणि एखाद्या गाण्यावर नव्याने गुंफायचे, हा खेळ मोबाइलबरोबर आलेला नाही. अमेरिकेत १९७५मध्ये कँडी फाँग या बाईने 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या चित्रांच्या स्लाइड गाण्याच्या तालावर बदलत लोकांना दाखवल्या. पुढे व्हीसीआर आले, टीव्हीवरचं टेपवर उतरवून घेणारी यंत्रं. मग चाहत्या, आणि यात बहुतेक बायकाच होत्या, दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून तुकडे उतरवू लागल्या. रेकॉर्डचं बटण दाबलं की टेप किंचित मागे सरकायची. किती, ते ज्या-त्या यंत्राचं वेगळं. म्हणून हातात स्टॉपवॉच घेऊन सेकंदांचा हिशोब करायचा. एक तुकडा चुकला की पुढचं सगळं चुकलं. शिकागोला २००२पासून २०१८पर्यंत फक्त अशा व्हिडिओंसाठी दरवर्षी संमेलन भरत होतं.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती आपल्या लॅपटॉपवर चिडायची थांबली.

(दृश्य : वहीचं दुसरं पान, आखलेले रकाने. भाचीचं बोट एकेका ओळीवरून फिरतं.)

तिचं खरं काम या वहीत आहे. भाग ४७, बारा मिनिटं आठ सेकंद, डावा हात, बांगड्या वर सारते. भाग ११२, पदराला हात पुसते. भाग १३०, दाराची कडी, हात थांबतो. व्हिडिओ जोडायला बसण्याआधी तिने तीन आठवडे नुसतं पाहिलं आणि लिहिलं. नवखी मुलं इथेच घाई करतात. सॉफ्टवेअर उघडतात, हाताला लागेल तो तुकडा गाण्यावर टाकतात आणि अर्ध्या मिनिटात अडकतात. आधी वही. मग गाणं कापा. पाच मिनिटांचं गाणं पहिल्याच खेपेला पेलत नाही. एक कडवं, एक ध्रुपद, दोन मिनिटं पुरे.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. केडेनलाइव्ह, शॉटकट फुकट आहेत. डाविंची रिझॉल्व्हचीही फुकट आवृत्ती मिळते, पण तिला दमदार यंत्र लागतं. यंत्र अडखळत असेल, तर प्रॉक्सी करून घ्या. प्रॉक्सी म्हणजे मूळ फाइलची हलकी प्रत. काम हलक्या प्रतीवर करायचं, शेवटी व्हिडिओ मात्र मूळ फाइलवरून काढायचा. आणि मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग केलेलं असेल, तर सावध. त्याचा फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, बहुतेक वेळा कमीजास्त होत राहतो. सुरुवातीला सगळं जुळतं, मग चित्र आणि आवाज यांची हळूहळू फारकत होते. भाचीचे दोन दिवस यातच गेले. हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममधून फाइल एकसारख्या फ्रेमदरावर करून घेतली, तेव्हा कुठे जमलं.

आता तालाचं. नवख्याला वाटतं, ठेका पडला की कट. मिनिटाला १२० ठेके असलेलं गाणं आणि सेकंदाला २४ फ्रेमचं चित्र धरा. दर ठेक्याला कापलं, तर एक तुकडा फक्त १२ फ्रेम टिकतो. डोळ्याला काही लागतच नाही, नुसती फडफड. त्यापेक्षा हालचालीत कापा. एका तुकड्यात हात डावीकडून उजवीकडे निघाला आणि पुढच्या तुकड्यात दुसराच हात, दुसऱ्याच दिवशीचा, तीच दिशा धरून पुढे गेला, तर कट झाला हे कळतही नाही. चांदण्या उडणारे, पान उलटणारे कट सॉफ्टवेअरमध्ये ढीगभर असतात. त्यांना हात लावू नका. सरळ कट शिका.

(दृश्य : अंधार. वीज गेलेली. मोबाइलच्या उजेडात भाचीचा चेहरा.)

तिसऱ्या रात्री वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. दोन तासांचं काम गेलं. ती रडली नाही, पण जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप सेव्ह होण्याचं अंतर तिने पाच मिनिटांवर आणलं आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवू लागली. कोकणातल्या पावसात व्हिडिओ जोडणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं.

(दृश्य : सूप, तांदूळ, वयस्कर बाईची बोटं. पार्श्वभूमीला धालोचं गाणं, म्हणजे पौषात बायका जमून गातात-नाचतात त्यातलं, वाद्यांशिवाय.)

गाण्यासाठी ती फार हिंडली. शेवटी सापडलं ते घरातच. गेल्या पौषात, धालोंच्या दिवसांत, माझी आई तांदूळ निवडत बसली होती आणि मांडावर, म्हणजे धालोंच्या अंगणात, म्हणतात त्यातलं एक गाणं गुणगुणत होती. भाचीने ते सहज मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं. बाईचा आवाज हवा होता ना? हा घ्या. सुपाचा सळसळ आवाज मध्येमध्ये येतो. तिने तो काढला नाही. काढला असता, तर मी भांडले असते.

अडचण एकच होती, या गाण्याला मशीनचा ठेका नाही. दमाप्रमाणे ते पुढे-मागे होतं. मग ती डोळे मिटून ऐकत बसली आणि आजीचा आवाज जिथे टेकतो तिथे 'एम'चं बटण दाबून खुणा करत गेली. त्या खुणांवर हात बसवले. आजीला आधी रीतसर विचारलं, बरं का. नाव द्यायचं का, तेही विचारलं. "नुसतं आजी म्हण," आई म्हणाली.

हक्कांचा प्रश्न राहतोच. अमेरिकेत २०१०मध्ये बिनव्यापारी व्हिडिओ करणाऱ्यांना डीव्हीडीचं नक्कल रोखणारं कुलूप काढून छोटे तुकडे घ्यायची अधिकृत मुभा मिळाली. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खासगी वापराला, टीकेला, समीक्षेला सूट देतं. फॅन व्हिडिओचं वेगळं नाव त्यात नाही. तेव्हा पैसे कमवू नका, मूळ मालिकेचं नाव लिहा. यूट्यूबवर कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं-चित्र आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा आला, तर घाबरून खातं बंद करू नका. दावा वेगळा, स्ट्राइक वेगळी : दावा त्या एका व्हिडिओपुरता, स्ट्राइक म्हणजे खात्यालाच ताकीद.

(दृश्य : सकाळ. ओटीवर आई, हातात भाचीचा मोबाइल. व्हिडिओ चालू आहे.)

आईने दोन मिनिटं दहा सेकंदांचा तो व्हिडिओ तीनदा पाहिला. भाकरी, बांगड्या, पदर, कडी, आणि शेवटी तुळशीपाशी पणती झाकणारे दोन्ही हात. स्वतःचा आवाज ऐकून ती लाजली नाही. बराच वेळ काही बोललीही नाही. मग चष्मा काढला आणि विचारलं,

"ही बाई कधी बसतच नाही का गो?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. दुबईला व्हिडिओ पाठवून झाला होता, तिकडून आभाराचं भलंमोठं पत्रही आलं होतं. काम संपलं होतं.

"तिला एकदा बसलेली दाखव," आई म्हणाली. "निवांत."

(दृश्य : पुन्हा रात्र. पाऊस. वहीचं कोरं पान, वर एकच शब्द : बसलेली.)

तीनशेच्या वर भाग आहेत. भाचीने पहिल्यापासून पुन्हा पाहायला घेतलेत. आतापर्यंत दोन जागा सापडल्या. एकीत काकू पाटावर बसतेय आणि कोणीतरी हाक मारतं. दुसरी, भाग २०६, पायरीवर, पाठमोरी, चार सेकंद.