पातळ मीठ

मे महिना, नागपूर, दुपारचे दोन, बाहेर ४५ डिग्री. टेबलावर दोन वाट्या. पहिलीत थोडं अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश पुसायचं ते, बोलता बोलता उडून चाललंय, वास अख्ख्या खोलीत. उडणारच ना राजेहो, ते उकळतंच ५६ डिग्रीला! दुसरीतलं मात्र ढिम्म. घट्टसर, पाकासारखं. अन् ते चक्क मीठ आहे.

आता तुम्ही म्हणाल मीठ पातळ कसं? आपलं खायचं मीठ वितळायला ८०१ डिग्री लागतात, कारण त्याचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, छोटे, गोल, एकमेकांना चिकटून बसतात. बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, नुसत्या स्कूटर असल्या की कशी पक्की रांग लागते, पण मधे एक हातठेला अन् दोन ऑटो घुसवा, मोडली रांग! तसंच इथं, एक आयन मोठा अन् वाकडातिकडा घेतला की मिठाला नीट रचताच येत नाही, ते पातळच राहतं. १०० डिग्रीच्या आत वितळलं की त्याला आयनिक लिक्विड म्हणतात. १९१४ साली पॉल वॉल्डन यांनी सांगितलेलं एक तर १२ डिग्रीलाच वितळतं, म्हणजे आपल्या डिसेंबरच्या एखाद्या रात्री गोठेलही.

औषधवाल्यांना हे काहून पाहिजे? कारण बरीच औषधं पाण्यात विरघळतच नाहीत, पोह्यावरच्या तर्रीसारखी वेगळी राहतात, अन् विरघळल्याशिवाय साफ कशी करणार. योग्य आयन निवडले तर यात विरघळतात. मग हळूहळू पाणी ओतायचं. लिक्विड पाण्यात मिसळून जातं, औषधाला जागा उरत नाही, ते स्फटिक होऊन खाली बसतं, कचरा बराचसा वरच्या पाण्यात राहतो, गाळून घ्या. पाणी उडवून लिक्विड पुन्हा वापरता येतं, ते स्वतः उडतच नाही ना!

घोळ पण तिथंच आहे. औषध विरघळवायला वापरलेलं अन् स्फटिकात अडकलेलं अ‍ॅसिटोन ओव्हनमधे निघून जातं, हे लिक्विड निघत नाही. म्हणून धुवा, परत धुवा, अन् प्रत्येक धुण्यात थोडं औषधही जातं. शिवाय महाग. अन् याला सरसकट ‘ग्रीन’ म्हणतात ते मला पटत नाही, हेक्झाफ्लोरोफॉस्फेटवाल्या प्रकारात पाणी अन् उष्णता भेटली की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड सुटू शकतं, ते तर हाडापर्यंत जातं बाप्पा. म्हणून आता बरेच जण कोलीनवाले प्रकार बघतात, कोलीन तर अंड्यातही असतं.

हे सांगेपर्यंत पहिली वाटी कोरडी झाली. दुसरी आता धुवायला घेतो, त्याला वेळ लागेल.