डेंजर

(फलाटाचं टोक, सकाळ)

लाल बोर्ड, कवटी, खाली दोन हाडं आणि डेंजर. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब आहे. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, तेव्हा तो १,५०० होता.

(वडापावची गाडी)

नाक्यावर मात्र या शब्दाला कुणी भीत नाही. चटणी डेंजर, गल्लीतल्या पोराचा षटकार डेंजर. आणि भूक? तीही डेंजरच लागते.

(पेंटरचा हात, ब्रश)

पेंटरकाकांना विचाराल तर ‘धोका’ बरा. दोनच अक्षरं, लांबून दिसतात. पण हिंदीवाला वाचतो आणि हसतो, “किसने दिया?” त्याच्याकडे धोखा म्हणजे फसवणूक, म्हणून हिंदी पाटीवर ‘खतरा’.

ते ‘डे’ची मात्रा ओढतायत. ओढू द्या, तोवर या शब्दाचं मूळ बघू.

डेंजर इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘डोमिनस’, म्हणजे धनी, मालक. आधी याचा संकटाशी संबंधच नव्हता. अमक्याच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे अमक्याच्या मुठीत असणं. सरदाराची सत्ता, त्याची मर्जी, त्याने ठोकलेला दंड, सगळं त्यात आलं. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पोर्शिया भर कोर्टात अँटोनिओला विचारते, तू याच्या डेंजरमध्ये आहेस ना? ‘याच्या’ म्हणजे सावकाराच्या. कर्जाचा कागद त्याच्या हातात आहे. मालकाच्या मुठीत सापडलेल्याचं काय होतं हे लोक बघत आले, आणि हळूहळू शब्दातला मालक पुसला गेला. उरलं ते संकट.

(चाळीचा जिना, बोर्ड)

‘सदर इमारत धोकादायक आहे.’ पालिकेच्या भाषेत सी-१, म्हणजे रिकामी करा, पाडा. जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या, इमारतींची अशी यादी म्हाडा पावसाळ्याआधी काढते. २०१७ साली भेंडीबाजारात आणि २०१९ साली डोंगरीत इमारती कोसळल्या, माणसं गेली.

इथले भाडेकरू म्हणतात, निघतो, पण परत खोली मिळेल हे लेखी द्या. तो कागद कुणाच्या हातात आहे, ते त्यांनाच विचारा. आम्ही विचारलं. ते वर बघून हसले, वर मालकाच्या बापजाद्याचं नाव कोरलंय.

(बोर्ड, जवळून)

बोर्डाच्या खिळ्याला दोरी बांधलीय. खिळा पालिकेचा, दोरी तिसऱ्या खोलीतल्या आजींची. कपडे अजून ओले आहेत.