लाक्विलाच्या लोकांनी फावडी का उचलली? आणि आपले वाडे

नमस्कार मंडळी. आज नाशिकमधूनच बोलतोय, पण गोष्ट इटलीतली आहे.

फेब्रुवारी २०१०. लाक्विला नावाचं डोंगरातलं जुनं शहर. रविवारी सकाळी हजारो माणसं गावठाणाच्या तोंडाशी जमतात. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात बादली, आणि पुढे एकचाकी हातगाड्या. समोर लोखंडी कठडे. माणसं कठडे ढकलून आत शिरतात, चौकात रांग धरतात आणि हातोहात बादल्या देत दगड-विटांचा राडारोडा बाहेर काढायला लागतात. कुणी सांगितलं नव्हतं. उलट आत जायला बंदी होती. भूकंप होऊन दहा महिने झाले होते आणि ढिगारे जिथल्या तिथे होते.

[स्क्रीनवर: इटलीचा नकाशा, लाक्विला]

भूकंप झाला ६ एप्रिल २००९ ला, पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी. तीव्रता ६.३. ३०९ माणसं गेली आणि साठ हजारांहून जास्त लोक बेघर झाले. आपल्या किल्लारीची आठवण येणारच. ३० सप्टेंबर १९९३, तीही पहाटेच, चारच्या सुमारास, आणि तीव्रता जवळपास तेवढीच. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. लाक्विलातही जुन्या दगडी भिंती कोसळल्या. पण तिथे विद्यार्थ्यांचं एक वसतिगृहही पडलं आणि आठ मुलं गेली. ते काँक्रीटचं होतं. "आमची बिल्डिंग आरसीसी आहे, आम्हाला काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आता सरकारनं काय केलं ते बघू, कारण लोकांचा राग समजायचा तर ते आधी समजलं पाहिजे. सुरुवातीला लोक तंबूत आणि समुद्रकाठच्या हॉटेलांत राहिले. जुलैमध्ये जी-८ ची, म्हणजे आठ बड्या देशांच्या गटाची, शिखर परिषदच सरकारनं तिथे नेली, जगभरचे नेते ढिगाऱ्यांमधून फिरले, फोटो निघाले. आणि शहराबाहेर १९ ठिकाणी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. तांत्रिकदृष्ट्या ते काम चांगलं होतं. खाली खांब, खांबांच्या माथ्यावर सरकणारी बेअरिंग, त्यावर काँक्रीटचा भलामोठा चौथरा आणि चौथऱ्यावर तीनमजली घरं. जमीन हलली तरी हादऱ्याचा जोर वर कमी पोहोचतो. हजारो लोकांना काही महिन्यांत पक्कं छप्पर मिळालं, आणि ज्यानं तंबूत रात्री काढल्यात त्याला त्याची किंमत विचारा.

पण या वसाहतींत ना बाजार, ना चौक, ना संध्याकाळी टेकायला जागा. शेजारी पांगले, एक गल्ली पाच वसाहतींत विखुरली. आणि मूळ गावठाण? त्याला "लाल क्षेत्र" ठरवून कुलूप लावलं. भिंतींना लाकडी आणि लोखंडी टेकू दिले, आणि पुढचं काम अडलं.

त्यात फेब्रुवारी २०१० मध्ये पोलिसांनी ध्वनिमुद्रित केलेलं फोनवरचं एक संभाषण बाहेर आलं. बांधकाम व्यवसायातला एक माणूस सांगत होता की भूकंपाच्या रात्री तो अंथरुणात हसत होता. कारण आता कामं मिळणार होती. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांनी हे वाचलं. आधी त्यांनी आपापल्या बंद घरांच्या किल्ल्या आणून कठड्यांना टांगल्या. मग बादल्या आणि हातगाड्या आल्या.

मला या आंदोलनाचं मोल यासाठी वाटतं की त्यांची मागणी नुसत्या पैशाची नव्हती. "आमचं गाव आहे, ते कसं उभं राहणार हे ठरवताना आम्हाला विचारा," एवढीच होती. त्याच वर्षी, जुलै २०१० मध्ये, हजारो लोक रोममध्ये मोर्चा घेऊन गेले, तिथे लाठ्याही खाल्ल्या.

भूकंपाआधी लोकांना धोका नीट सांगितला नाही म्हणून शास्त्रज्ञांवर झालेल्या खटल्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले. तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

शहर सावरलं, पण फार हळू. कोलेमाज्जोचं मोठं चर्च २०१७ च्या अखेरीस उघडलं. मुख्य चौकातलं, घुमट कोसळलेलं चर्च २०१८ मध्ये. २०२६ साठी लाक्विलाला इटलीची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडलं गेलं. दर्शनी भाग चकाचक झाले. आणि त्याच काळात, भूकंपाला दहा वर्षं उलटल्यावरही, शहरातली कित्येक मुलं तात्पुरत्या बांधणीच्या वर्गांत बसत होती. मला विचाराल तर शाळा आधी व्हायला हव्या होत्या. मुलं गावात शाळेत आली की आई-बाप येतात, मग दुकान चालतं.

[स्क्रीनवर: जुने नाशिक]

आता आपल्याकडे. नाशिक वर्षानुवर्षं भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात धरलं गेलंय. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी भागात सौम्य धक्के बसतात, आणि त्यांची नोंद दिंडोरी रोडवरच्या 'मेरी' या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत होते. घाबरवायचं नाहीये. पण गोदावरीचं पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं हे बघून सराफ बाजार आवराआवर करू शकतो. भूकंप तेवढी सवड देत नाही.

आणि आपले वाडे तर भूकंपाची वाटही बघत नाहीत. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात, पंचवटीत कुठेतरी भिंत ढासळते. धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात, लोक हलत नाहीत. त्यांना जिवाची पर्वा नाही असं नाही. एकदा बाहेर पडलो की परत आत घेणार नाहीत, ही भाडेकरूची भीती आहे, आणि ती खोटी नाही. मालकाला डागडुजी परवडत नाही, भाडं नाममात्र आहे, वाटणीचे दावे चालू आहेत. लाक्विलात कुलूप भूकंपानंतर लागलं. आपल्याकडे तो पेच आधीपासूनच पडलेला आहे.

म्हणून वाड्यात राहत असाल तर तीन कामं आत्ताच करा. भाडेपावत्या, वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या यांचे फोटो काढून घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. खोलीचं माप आणि फोटो, तारखेसकट. आणि पुढच्या वेळी नोटीस आली की "खाली करा" एवढ्यावर सही करू नका. तात्पुरतं कुठे राहायचं, किती महिने, आणि परत यायचा हक्क कुणी लिहून देणार, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. एकट्यानं नाही, अख्ख्या गल्लीनं मिळून विचारा.