कोलॅजनच्या डब्याआधीचा कारखाना

श्रोतेहो, नमस्कार.

जळगाव-धुळ्याच्या मेडिकल दुकानांत हल्ली प्रोटीनच्या डब्यांशेजारी कोलॅजनचे डबे मांडलेले दिसतात. गुडघे, केस, चेहरा, सगळ्यावर एकच पावडर. एखादी आजी डबा हातात घेऊन विचारते, "हाई पावडर कसानी शे?" म्हणजे, ही पावडर कशाची आहे? तिची शंका रास्त आहे. बाकीचे विचारतात, माशाचं चांगलं की गुरांचं? मला वाटतं, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारावं, की ते कातडं, ती हाडं किंवा ते खवले कारखान्यात आल्यावर त्यांचं काय केलं?

कोलॅजन हे कातडीतलं, हाडांतलं, कुर्चांतलं (मऊ, लवचीक हाडांतलं) प्रथिन. त्याच्या तीन लांब साखळ्या तिपेडी वेणीसारख्या घट्ट गुंफलेल्या असतात. पाण्यात बराच वेळ तापवलं की ही गुंफण सुटते आणि जिलेटिन होतं. थंडीच्या दिवसांत पायाचा रस्सा रात्रभर राहिला तर सकाळी थलथलीत झालेला असतो, तो याच जिलेटिनमुळे. पावडर त्याच्याही पुढची पायरी. सुटलेल्या साखळ्यांचे बारीक तुकडे करतात. डाल्टन या रेणूच्या वजनाच्या मापात सांगायचं तर मूळ कोलॅजन सुमारे ३ लाख डाल्टनचं, आणि पावडरीतले तुकडे साधारण २ ते ५ हजारांचे. म्हणून ती गार पाण्यातही विरघळते आणि थिजत नाही.

हे तुकडे करायचे कसे, इथेच बरीचशी प्रत ठरते. एक रस्ता तीव्र आम्ल आणि उष्णतेचा. आम्ल साखळी वाट्टेल तिथे तोडतं, त्यामुळे तुकडे लहानमोठे, बेभरवशाचे होतात. शिवाय शेवटी ते आम्ल अल्कली घालून मारावं लागतं, आणि त्यातून मीठ तयार होतं. ते नीट काढलं नाही तर पावडर खारट लागते. दुसरा रस्ता एन्झाइमचा, म्हणजे विकरांचा. शहाद्याकडच्या पपईच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील. कच्च्या पपईला चीर दिली की जो चीक येतो, त्यात पपेन नावाचं विकर असतं. जून मटणाला कच्ची पपई लावून ठेवण्याची युक्ती त्याच्यावरच चालते. कारखान्यात पपेन किंवा जिवाणूंपासून काढलेली विकरं वापरतात. तापमान, आम्लता आणि वेळ सांभाळली तर तुकडे हव्या त्या आकाराचे मिळतात. काम झालं की द्रावण तापवून विकर निष्क्रिय करायचं. ते लवकर थांबवलं तर पावडर घोटताना चिकट लागते, फार लांबवलं तर कडवटपणा येतो.

पण विकर कितीही चांगलं असलं, तरी आधीची सफाई कच्ची असेल तर उपयोग नाही. हाडांतली चरबी काढून ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. त्यात कॅल्शियम फॉस्फेट विरघळतं आणि मऊ गाभा उरतो. गुरांचं कातडं किंवा हा गाभा पुढे चुन्याच्या पाण्यात काही आठवडे मुरतो. माशाचं कातडं नाजूक, त्याला इतकं सोसत नाही. थंड समुद्रातल्या माशाचं कोलॅजन तर गुरांच्या मानाने बऱ्याच कमी तापमानाला उलगडतं. आणि ते शिळं झालं की चरबी खवट होते, वास बसतो. आपल्याकडच्या मे महिन्यात भुसावळला मासे तासभर उघडे ठेवून पाहा, म्हणजे सांगायची गरज उरणार नाही. कारखानदार कोळशाच्या पावडरीतून गाळून वास कमी करतात, पण कुजलेला माल गाळून ताजा होत नाही.

शेवटी गाळणं, मीठ काढणं, कमी दाबाखाली आटवणं आणि गरम हवेत फवारून वाळवणं. "झटपट विरघळणारी" असं डब्यावर लिहिलेलं असतं ना? ते बहुतेक वेळा पावडर दाणेदार केल्यामुळे. सोयीचं आहे, पण त्याने पोषण वाढत नाही.

एक अपवाद. कोंबडीच्या छातीच्या कुर्चापासून काढलेलं, 'टाइप २' म्हणून ओळखलं जाणारं, न उलगडलेलं कोलॅजन सांध्यांसाठी विकतात. त्याचं प्रमाण दिवसाला ४० मिलिग्रॅम, पावडरीसारखं १० ग्रॅम नाही. त्यात वेणी शाबूत राहणं हेच महत्त्वाचं, म्हणून ते कमी तापमानात काढतात. याला आणि पावडरीला एकाच तराजूत घालू नये.

मग डब्यावर काय पाहावं? प्रथिनाचा स्रोत लिहिलेला आहे का, सोडियम किती, तुकड्यांचं सरासरी वजन दिलं आहे का, आणि शिसं, पारा, आर्सेनिक यांच्या तपासणीचा अहवाल मागितल्यावर मिळतो का. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांकही पाहा. मुक्ताईनगरच्या वारीला जाणाऱ्या माळकरी घरांसाठी खास सांगतो: कोलॅजन कुठल्याही वनस्पतीत निसर्गतः तयार होत नाही. हिरव्या ठिपक्याच्या "प्लांट कोलॅजन"मध्ये क जीवनसत्त्व, अमिनो आम्लं वगैरे असतात, कोलॅजन नव्हे. मांसाहारी पदार्थाची खूण तपकिरी त्रिकोण.

आणि उपयोग? त्वचेबद्दलच्या चाचण्यांमध्ये फायदा दिसला आहे. पण २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात कंपन्यांचे पैसे नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा तो फायदा दिसेनासा झाला. शिवाय कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अन्नातूनच मिळवावं लागणारं अमिनो आम्ल नसतं, म्हणजे प्रथिन म्हणूनही ते अपुरं. डाळ, शेंगदाणे, दूध यांच्या जागी ते चालणार नाही.

माशांची अॅलर्जी असेल तर माशाची पावडर टाळावी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच घेऊ नये. नमस्कार.