उंटावरची मैफल

[दृश्य: काचेच्या कपाटातला उंट, खालून वर]

मातीचा उंट, उंची जेमतेम दोन फूट. मान ताणून, जबडा उघडून उंट ओरडतोय. दोन्ही वशिंडं झाकून वर बैठक केलीय आणि तिच्यावर चक्क पाच माणसं. चौघं बसून वाजवणारे, मधला उभा राहून नाचतोय. त्याची दाढी बघा. मध्य आशियातून तांड्यांबरोबर आलेल्या लोकांना चिनी कुंभार असंच घडवत. खऱ्या उंटावर ही मैफल पहिल्या पावलालाच खाली आली असती, पण मातीत काय, सगळं बसतं!

१९५७ साली चीनमधल्या शिआनमध्ये श्यान्यू थिंगहुई या सेनापतीची कबर उघडली, तिच्यात हा उंट निघाला. आता तो बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दफन इसवी सन ७२३ चं, थांग राजवटीच्या भरभराटीतलं. सेनापतीची माहिती कबरीतल्या दगडावर कोरलेली आहे. उंट कोणी घडवला, ते कुठेच नाही.

[दृश्य: पोटावरचे ओघळ, अगदी जवळून]

घडवणाऱ्याचं काम मात्र वाचता येतं. पांढरी माती साच्यात दाबून अंगाचे भाग काढायचे आणि पातळ चिखलाने सांधायचे. आतून सगळं पोकळ, नाहीतर भट्टीत तडकायचं. पहिली भाजणी १००० अंशांच्या आसपास. मग शिशाची झिलई, म्हणजे काचेसारखा लेप. तिच्यात तांबं मिसळलं की हिरवा रंग, लोखंड मिसळलं की पिवळा किंवा तपकिरी. निळ्यासाठी कोबाल्ट लागतो. तो महाग, म्हणून जपून वापरलेला. दुसरी भाजणी ८०० ते ९०० अंशांवर. तिथे झिलई पाण्यासारखी सुटते, रंग एकमेकांत उतरतात. कुंचला कुठे टेकवायचा आणि कुठे उचलायचा, एवढंच कुंभाराच्या हातात. बाकी भट्टीची मर्जी.

याला सान्त्साय म्हणतात, म्हणजे तीन रंग. मोजायला गेलात तर जास्तही भरतात.

माणसांचे चेहरे मात्र बहुधा कोरे ठेवत. झिलई ओघळली तर नाकडोळे बुजतात. मिशा, भुवया भाजणीनंतर रंगवायच्या.

[दृश्य: शेपटीला गाठ मारलेला घोडा, मग रिकामं कपाट]

७५५ मध्ये आन लूशान या थांग सेनापतीने बंड केलं आणि कबरीत असे घोडे-उंट ठेवण्याचा हा थाट ओसरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुओयांगजवळ रेल्वेसाठी खोदताना कबरी फुटल्या, घोडे-उंट बाजारात गेले.

[दृश्य: पाच चेहरे, एकेक करून. चाळीस सेकंद. निवेदन नाही.]