नाडी उडते तिथलं दुखणं

नागपूरची धंतोली. दवाखाना, औषधाचं दुकान, पॅथॉलॉजी, पुन्हा दवाखाना. विदर्भातूनच नव्हे, मध्य प्रदेश-छत्तीसगडहूनही माणसं इथे तपासायला येतात.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर विचारतात, "ताई, नेमकं कुठे दुखते?"

"इथंच जी. नाडी उडते न, तिथं."

जबड्याखाली, डाव्या बाजूला. घरचे म्हणाले, लचक भरली, चोळून घे. पण लचक बहुधा मागच्या नाहीतर बाजूच्या स्नायूंत भरते. इथे बोटाखाली आहे कॅरोटिड, मेंदूला रक्त नेणारी धमनी.

मानेवर थंडगार जेल, त्यावर प्रोब. पडद्यावर धमनीची काळी नळी दिसते, वर जाऊन तिला दोन फाटे फुटतात. दुखणाऱ्या जागी, त्या फाट्यापाशी, भिंतीला एकाच बाजूने करडा जाड थर धरलेला आहे. डॉपलर लावला की कळतं, आतला रक्तप्रवाह मात्र मोकळा आहे.

१९२७ मध्ये अमेरिकेतल्या टेंपल फे यांनी या दुखण्याचं वर्णन केलं, नाव पडलं कॅरोटिडिनिया. पुढे हा स्वतंत्र आजार की नुसतं लक्षण, यावर वाद झाला आणि २००४ मध्ये डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून तो वगळला गेला. रुग्णांचं दुखणं काही थांबलं नव्हतं! २०१७ मध्ये ऑगस्टिन लेक्लेर आणि सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांच्या तपासण्या मांडल्या. धमनीभोवतीची सूज, म्हणजे तोच करडा थर, स्कॅनवर स्पष्ट दिसत होती. त्यांनी नवं नाव सुचवलं, टिपिक सिंड्रोम, म्हणजे कॅरोटिडभोवतीची तात्पुरती सूज.

तरीही तपासणीचं पहिलं काम वेगळंच असतं. धमनीचा आतला पदर फाटून भिंतीत रक्त शिरलं असेल, तर तेही असंच दुखतं आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. शंका असली की एमआरआय आणि अँजिओग्राफी करतात. भिंतीत साकळलेलं रक्त एमआरआयवर चंद्रकोरीसारखं उजळ दिसतं. सोबत पापणी उतरली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, तर क्षणही न दवडता इस्पितळ गाठायचं. आणि दुखऱ्या मानेला मालिश नको, सलूनमध्ये कडकन मान मोडून घेणं तर मुळीच नको.

या ताईंच्या स्कॅनमध्ये फाटलेलं काही नाही, फक्त सूज आहे. सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि साधारण दोन आठवड्यांत आराम. तेवढ्यात ठणका गेला नाही, तर कारण दुसरं असू शकतं. मग तपासणी पुन्हा करायची.